लठ्ठपणावरच्या औषधाचं टार्गेट: उंदरात शोधायचं की माणसाच्या जनुकांत?

चयापचयाच्या विकारांवर पीएच.डी. करू पाहणाऱ्यांपुढे हल्ली दोन प्रकारच्या लॅब असतात. एकीत उंदरांवर प्रयोग चालतात, दुसरीत लाखो माणसांचा जनुकीय डेटा चाळला जातो. शोध दोन्हीकडे एकच: असं प्रथिन, जे औषधाने दाबलं किंवा चेतवलं की वजन, साखर किंवा यकृतातली चरबी उतरेल.

उंदरांच्या वाटेचं मोठं देणं म्हणजे लेप्टिन, चरबीच्या पेशींतून निघणारं, भूक आवरणारं संप्रेरक. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने जन्मजात लठ्ठ उंदरांमधलं बिघडलेलं, लेप्टिन बनवणारं जनुक शोधलं. ज्या मोजक्या मुलांच्या शरीरात लेप्टिन बनतच नाही, त्यांना ते औषध म्हणून दिल्यावर विलक्षण गुण आला. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं आणि शरीर त्याला दाद देत नाही. शिवाय उंदीर साधारण २२ अंशांच्या खोलीत ठेवतात. त्यांना मानवतं ३० च्या आसपास. म्हणजे बिचारे अंगात ऊब टिकवण्यासाठीच सतत ऊर्जा जाळत असतात. त्यामुळे ‘चरबी जाळणारं टार्गेट सापडलं’ असं वाचलं की मी आधी खोलीचं तापमान बघतो.

जनुकांच्या वाटेवर पुरावा थेट माणसाचा मिळतो. २०२१ मध्ये सुमारे ६,४०,००० लोकांच्या तपासणीतून जीपीआर७५ पुढे आलं. या जनुकाची एक प्रत निकामी असलेली माणसं सरासरी ५.३ किलोंनी हलकी निघाली. अशी माणसं दहा हजारांत जेमतेम चार, म्हणून एवढा मोठा डेटा लागतो. जनुकीय आधार असलेली टार्गेट औषधापर्यंत पोचण्याची शक्यता तसा आधार नसलेल्यांच्या २.६ पट असते, असं २०२४ च्या एका विश्लेषणात दिसलं.

तरी डेटा सगळं सांगत नाही. जीआयपी हे जेवणानंतर आतड्यातून स्रवणारं संप्रेरक. त्याचा रिसेप्टर (पेशीवरचा ग्राहक) जनुकीय बदलामुळे कमजोर असलेल्यांचं वजन कमी आढळतं, म्हणजे तो दाबायला हवा. टिर्झेपेटाइड हे वजन उतरवणारं औषध मात्र तो चेतवतं, आणि तरी वजन उतरतं! तो दाबणाऱ्या औषधानेही चाचण्यांत वजन उतरलं आहे, अर्थात त्याला जीएलपी-१ या आतड्यातल्याच दुसऱ्या संप्रेरकाची जोड आहे. हे कोडं प्राणी आणि पेशींवर काम केल्याशिवाय सुटणार नाही.

माझा कौल जनुकांपासून सुरुवात करण्याला आहे, पण भारतात काम करायचं तर नुसत्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन) विसंबू नका. असा जनुकीय डेटा पुरवणाऱ्या ब्रिटनच्या यूके बायोबँकेतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! हे त्यांनी २००४ साली स्वतःच छापलं. आपल्याकडचा आजार वजनकाट्यावर पुरता दिसत नाही, म्हणून पोटातली आणि यकृतातली चरबी मोजणारा प्रकल्प निवडा. २०२२ मध्ये पुढे आलेलं आयएनएचबीई हे चरबी कुठे साठते याच्याशी निगडित जनुक त्याच जातीचं आहे.

आणि गाईडना एक नक्की विचारा: जनुक सापडल्यावर ते कुठल्या पेशीत काय करतं, हे तपासायची सोय इथे आहे का? एफटीओ या जनुकातल्या बदलांचा लठ्ठपणाशी संबंध २००७ मध्येच दिसला होता. त्या बदलांचा परिणाम प्रत्यक्षात दूरच्या आयआरएक्स३ सारख्या जनुकांवर होतो, हे उलगडायला २०१४ उजाडलं.