टबातलं पाणी त्याच दिवशी कालवलेलं होतं

नव्या रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी, कुणी ‘तयार’ रॉक (टाकीत मांडायचा सच्छिद्र दगड) देऊ करत असेल, तर पैसे देण्याआधी माझ्या बाबतीत काय घडलं ते वाचा.

विकणाऱ्याने मला सांगितलं, रॉक जमिनीतून काढलेला आहे, जुन्या प्रवाळाचा. कुठल्याही टँकमध्ये कधी गेलेला नाही, अ‍ॅसिडने धुऊन क्युअर केलाय (मिठाच्या पाण्यात मुरवून स्वच्छ केलाय), नेऊन थेट मांडा. रॉक मिठाच्या पाण्याच्या टबात बुडवलेला, पांढराशुभ्र. त्याने माझ्यासमोर त्याच पाण्याची टेस्ट घेतली. अमोनिया शून्य, फॉस्फेट शून्य. मी 20 किलो घेतला. वजनही ओल्या रॉकचं झालं, म्हणजे छिद्रांत भरलेल्या पाण्याचेसुद्धा पैसे गेले, पण ते नुकसान त्यातल्या त्यात लहान.

तिसऱ्या आठवड्यात रॉकवर हिरव्या शेवाळाचे केस उगवले. शेवाळ पोसणारं फॉस्फेट 1.2 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम)! रीफमध्ये ते साधारण 0.1 च्या आत ठेवायची आपली धडपड असते. निम्मं पाणी बदललं की आकडा निम्म्यावर यायचा आणि चार दिवसांत पुन्हा एकच्या वर जायचा. टँकमध्ये मासा नव्हता, खाणं पडत नव्हतं. फॉस्फेट येत होतं ते रॉकमधूनच.

रॉक म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि फॉस्फेट त्याला चिकटून बसतं. वर्षानुवर्षं माशांना खाणं पडलेल्या टँकमधला रॉक ते साठवत जातो. पाण्यात फॉस्फेट कमी असलं की तो ते सोडतो, पण हळूहळू. म्हणून नुकत्याच कालवलेल्या पाण्यात शून्यच दिसणार. त्या टबाशेजारी सॉल्ट मिक्सची बादली उघडी होती, पाणी किंचित धुरकट होतं, टबात पंप नव्हता, हीटर नव्हता. क्युअरिंग म्हणतात ते असं होत नाही. हे सगळं मी पाहिलं होतं, त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही.

एक रॉक छिन्नीने फोडला. बाहेरून पांढरा, आतून तपकिरी. छिद्रांत वाळलेला स्पंज, किड्यांच्या नळ्या. आणि एका खोबणीत इपॉक्सी पुट्टीचा करडा गोळा, त्यात कोरलचा तुटका बुंधा. जो रॉक कधी टँकमध्ये गेलाच नाही, त्यावर कोरल कुणी चिकटवलं? फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, ‘तुमचं टेस्ट किट खराब आहे.’ नंतर फोन उचलणंच बंद.

मला खरी धास्ती वाटली ती तांब्याची. जुन्या टँकमध्ये माशांना तांब्याचं औषध दिलेलं असेल तर रॉक तेही शोषतो. मासे तगतात, गोगलगाई, कोळंबी, कोरल मरतात. माझ्या पाण्यात तांबं निघालं नाही, पण वापरलेल्या रॉकबद्दल हा प्रश्न विचारायलाच हवा.

पांढरेपणाही ब्लीचचा असणार, असं मी धरून चाललो. ब्लीच रंग आणि सेंद्रिय घाण घालवतं, रॉकला धरलेलं फॉस्फेट नाही. शिवाय ब्लीचचा अंश अ‍ॅसिडला भेटला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. म्हणून सगळा रॉक टँकमधून काढला, आधी ब्लीच निकामी करणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात ठेवला, धुतला, उन्हात पूर्ण वाळवला. मग उघड्यावर, हातमोजे-चष्मा घालून, दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. फसफसून फॉस्फेट धरलेला वरचा थर विरघळला. त्यानंतर खाण्याच्या सोड्याचं पाणी, भरपूर धुणं, आणि झाकलेल्या ड्रममध्ये मिठाचं पाणी, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), हीटर.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा आधी एकच तुकडा मागा. फोडून आत पाहा. घरी तो थोड्याशा ताज्या मिठाच्या पाण्यात पंप लावून चार दिवस ठेवा आणि मग फॉस्फेट मोजा. तुकडा द्यायला कुरकुर झाली तर तिथून निघा. विकणाऱ्याच्या टबातल्या पाण्याची टेस्ट धरूच नका, ते पाणी कधीचं आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

माझ्या ड्रमला आता नववा आठवडा चालू आहे. सात दिवस पाणी न बदलता घेतलेली फॉस्फेटची शेवटची टेस्ट 0.08. अजून दोन आठवडे असाच ठेवणार आहे.