वावर, गटनंबर आणि पडद्यावरचे नकाशे

खानदेशात वावराचा नकाशा बघायचा म्हटलं की बहुतेकांची गाडी गूगलवर सुरू होते आणि तिथेच थांबते. तिथे बांध दिसतो, पण गटनंबर दिसत नाही. त्यासाठी राज्य सरकारचं महाभूनकाशा हवं. फुकटच्या सेवांत रोजच्या कामाला तेच पहिलं.

ग्रामीण निवडून जिल्हा, तालुका, गाव आणि 'व्हिलेज मॅप' असं खाली उतरत जायचं, गटनंबर टाकायचा आणि 'मॅप रिपोर्ट'मधून पीडीएफ काढायची. घोटाळा होतो तो गावाच्या नावात. यादीतले बु., खु. आणि प्र. डोळ्यांत तेल घालून वाचा. 'धानोरा प्र. अडावद' यातला प्र. म्हणजे जुना परगणा. तो सोडला तर दुसऱ्याच धानोऱ्याचा नकाशा हाती येतो. जुन्या दस्तावर 'जिल्हा धुळे' असलं तरी शहादा, तळोदा, नवापूर १ जुलै १९९८ पासून नंदुरबारखाली शोधायचे.

हे नकाशे जुन्या कागदी गावनकाशांवरून उतरवलेले आहेत. गटाचा आकार आणि शेजारचे गट कळतात, बांध जमिनीवर नेमका कुठे ते कळत नाही. वादात मोजणीची 'क' प्रतच (सरकारी मोजणीनंतर मिळणारा नकाशा) चालते, पीडीएफ नाही.

ती पीडीएफ उपग्रहचित्रावर बसवायची असेल तर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये (चित्र जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवणारं साधन) ईपीएसजी ३२६४३ हा मापनपद्धतीचा क्रमांक निवडा; यूटीएम ही पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे पाडते आणि सगळं खानदेश तिच्या ४३ उत्तर पट्ट्यातच येतं. मग नकाशावर आणि उपग्रहचित्रावर एकच जागा दाखवणारे बिंदू जुळवायचे. तीन बिंदूंवर गणित सुटतं, पण तेव्हा चूक नेहमी शून्य दिसते आणि ते शून्य फसवं असतं. सहा ते आठ बिंदू घ्या, गावाच्या चारही अंगांना पसरून. विहीर, जुन्या रस्त्यांचा चौक, तीन गावांच्या हद्दी मिळतात ती जागा, हे चांगले बिंदू. तापी-गिरणेचा काठ कधीच घेऊ नका, तो सरकतो. एखाद्याच बिंदूची चूक मोठी दिसली तर आधी तो बिंदू तपासा, सगळा नकाशा ताणू नका.

डोंगर, नाले आणि उतारासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या शीटला तोड नाही. एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून पीडीएफ उतरवता येते. जुन्या क्रमांकानुसार धुळे ४६ एल/१३ मध्ये. जळगावची मात्र पंचाईत: शहर २१ अंश अक्षांशावरच बसलंय आणि शीटची कड तिथेच येते, म्हणून ४६ ओ/१२ आणि ४६ पी/९ अशा दोन शीट जोडाव्या लागतात. स्कॅन केलेली जुनी शीट एव्हरेस्ट आधारावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं मोजमाप) असते. ती डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचं आजचं मोजमाप) समजून लावली की सगळं शंभरेक मीटर बाजूला बसतं. समासातलं सर्वेक्षणाचं वर्षही बघा. सरदार सरोवराच्या आधीच्या शीटवर नर्मदाकाठची मणिबेली कोरडीच दिसते.

पीक बघायला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं, कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर. दृश्य आणि निकट अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पट्ट्यांत चित्राचा एक ठिपका १० बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकराला चाळीस ठिपके. दोन उपग्रहांमुळे साधारण पाच दिवसांनी नवं चित्र येतं. रावेर-यावलची केळी मार्चात कोरड्या रानातून उठून दिसते. जुलै-ऑगस्टात मात्र बहुधा ढगच बघायचे. आणि पाच गुंठ्यांच्या तुकड्यासाठी ही सेवा नाहीच: कडेच्या प्रत्येक ठिपक्यात शेजारच्याची कपाशी मिसळते.

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. जमीनवापर आणि पडीक जमिनीच्या थरांसाठी ते उघडावं, रस्ता शोधायला नाही.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर सातपुड्यातले पाडे विरळ दिसले तर खातं उघडून स्वतः भरता येतात. मराठी नाव 'नेम:एमआर' या रकान्यात जातं. गूगलवरून बघून मात्र काही उतरवायचं नाही. परवान्यात बसत नाही आणि तशी भर सापडली की काढून टाकतात.