फ्लोरा डॅनिका की चेल्सी? पोर्सेलिनवर झाडं-फुलं रंगवायची तर कशावरून?

जुन्या शास्त्रीय चित्रांवरून प्लेट रंगवायची म्हटलं की दोन नावं हमखास समोर येतात, कोपनहेगनचं फ्लोरा डॅनिका आणि लंडनच्या चेल्सी कारखान्याच्या १७५० च्या दशकातल्या 'हॅन्स स्लोन' (हे एका डॉक्टर-संग्राहकाचं नाव) प्लेट्स. दोन्ही भारी, पण काम पार वेगळं.

फ्लोरा डॅनिका म्हणजे मुळात १७६१ पासून निघत गेलेला वनस्पतींचा ग्रंथ, त्यातली चित्रं १७९० ते १८०२ या काळात डिनर सेटवर उतरवली, त्यातली बहुतेक एकट्या योहान ख्रिस्तोफ बायर या चित्रकाराने. एका प्लेटवर एकच झाड, बरेचदा मुळासकट, आणि मागे लॅटिन नाव. बुरशी पण आहे त्यात, जेवणाच्या ताटावर बुरशी! यात लपवाछपवीला जागा नाही, पाकळी एक जास्त झाली तरी जाणकाराला लगेच दिसतं. पण मांडणी डोक्याने करावी लागत नाही, नीट बघून उतरवायचं एवढंच, रंग भट्टीत जाण्याआधी पुसून परत काढता येतो. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत, फक्त ती सोन्याची दातेरी किनार आधी सोडून द्या, तिच्यातच अर्धा जीव जातो.

चेल्सीवाल्यांसमोर एहरेट या वनस्पती-चित्रकाराची वगैरे चित्रं होती पण ते मनमोकळे, भलंमोठं पान, शेजारी फुलपाखरू, कोपऱ्यात किडा, मापाचा काही मेळ नाही. ग्लेझवर, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर, डाग असला की त्यावर किडा काढून मोकळे. दिसायला सोपं वाटतं पण रिकामी जागा कुठे सोडायची हे तुम्हालाच ठरवायचंय, आणि हात बसलेला नसेल तर प्लेट नुसती विस्कटलेली दिसते. शिवाय त्यांचं पोर्सेलिन सॉफ्ट पेस्ट, म्हणजे मऊ जातीचं, रंग ग्लेझमध्ये मुरायचा, आज मिळणाऱ्या कडक पोर्सेलिनवर तो वर बसून राहतो, त्यामुळे तसाच मऊपणा येईल ही आशा नको.

रोज जेवायची प्लेट असेल तर दोन्ही नकोत, वरून लावलेला रंग सुरीने खरवडला जातो, भिंतीवर लावा.

फूल निवडताना रंग पण बघा. सोन्यापासून बनणारा गुलाबी जास्त तापमान मागतो आणि लोखंडाचा लाल जास्त भाजला की उडतो, म्हणून एकाच फुलात दोन्ही असतील तर गुलाबी आधी भाजून घ्यायचा, लाल शेवटच्या फायरिंगला.