१० इंची फिल्टर हाउसिंगचा सीओटू रिॲक्टर: घ्यावा का आणि कुठला घ्यावा

आरओ मशीनच्या शेजारी भिंतीवर टांगलेलं असतं ते पारदर्शक, १० इंची फिल्टर हाउसिंग झाडांच्या ॲक्वेरियमला सीओटू रिॲक्टर (कार्बन डायऑक्साइड गॅस पाण्यात विरघळवणारं भांडं) म्हणून फार चांगलं चालतं. टाकी १०० ते २५० लिटरची असेल आणि तिला कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवून पाइपांनी जोडलेला) असेल, तर तयार ॲक्रिलिक रिॲक्टर मागवण्याआधी मडगाव, म्हापसा किंवा फोंड्यातलं नळसामानाचं दुकान गाठावं. फक्त समोर येईल ते हाउसिंग उचलू नका.

पहिली अडचण भोकांची. आरओच्या प्री-फिल्टरच्या हाउसिंगची भोकं बहुतेकदा पाव इंची असतात. कॅनिस्टरच्या १६ मिमी पाइपातून येणारं पाणी तिथे कोंडतं, फिल्टरचा वेग कोसळतो आणि टाकीतलं अभिसरण मंदावतं. अर्धा इंची भोक चालतं, पाऊण इंची सर्वांत बरं. भांडं पारदर्शकच घ्या, कारण आत गॅस साचतोय की नाही हे डोळ्यांनी दिसायला हवं. झाकणावर हवा सोडायचं लाल बटण असेल तर सोन्याहून पिवळं.

आत कँडल बसवायची नाही. झाकणाच्या मध्यभागी जी कडी खाली येते तिच्यात एक पीव्हीसी पाइप घट्ट बसवायचा, इतका लांब की तो तळापासून २ ते ३ सेंमी वर थांबेल. कडीचं माप कंपनीगणिक बदलतं, म्हणून पाइप घ्यायला झाकण सोबत न्या. किंचित सैल असेल तर टेफ्लॉन टेप गुंडाळा. सॉल्व्हंट सिमेंट मात्र वापरू नका, पारदर्शक भांड्याला त्याने बारीक तडे जातात. ‘इन’मधून आलेलं पाणी पाइपाच्या बाहेरून खाली उतरतं आणि तळाशी पाइपात शिरून ‘आउट’ने बाहेर पडतं. जोडणी उलटी झाली तर बुडबुडे पाण्याबरोबर वर चढून थेट टाकीत जातात. ‘जमत नाही’ म्हणून सोडून दिलेले रिॲक्टर तपासले तर बऱ्याचदा हीच चूक सापडते.

हे चालतं कसं, तेही पाहू. भांड्याचा आतला व्यास ९ सेंमी आणि प्रवाह तासाला ८०० लिटर धरला, तर पाणी खाली उतरतं सेकंदाला साधारण साडेतीन सेंमी वेगाने. एक-दोन मिलिमीटरचा बुडबुडा याच्या कितीतरी पट वेगाने वर चढू पाहतो, त्यामुळे तो भांड्याच्या वरच्या भागातच घुसळत राहतो आणि विरघळूनच बाहेर पडतो. टाकीत धुक्यासारखे कण दिसू लागले तर प्रवाह जास्त आहे. भांड्याच्या माथ्याशी गॅसची पोकळी वाढत गेली आणि खळखळ ऐकू आली तर प्रवाह कमी किंवा गॅस जास्त. आत बायोबॉल (प्लास्टिकचे जाळीदार गोळे) भरायचा सल्ला बरेच जण देतात, पण मला तो पटत नाही. गाळ अडकतो, प्रवाह घटतो आणि रिकामं भांडं काम पुरेसं करतं.

रिॲक्टर फिल्टरच्या बाहेर जाणाऱ्या पाइपावर, ‘इन’च्या अगदी अलीकडे गॅसचा टी (तीन तोंडांचा जोड), आणि त्याआधी गॅसच्या नळीत चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप). गॅससाठी पॉलियुरेथेनची नळी घ्या. सिलिकॉनच्या नळीतून सीओटू झिरपून जातो. आट्यांवर टेफ्लॉनचे दहा-बारा वेढे द्या आणि हाताने आवळून पाव फेरा जास्त, बस. पान्याने पिळलं की प्लास्टिकचं झाकण चिरतं. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. क्लिप साध्या लोखंडी नकोत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत त्या लवकर गंजतात, एसएस ३०४ च्या मागा. मग सगळं एका रिकाम्या बादलीत ठेवून, सांध्यांखाली टिश्यू पेपर घालून २४ तास पाणी फिरवा आणि नंतरच कपाटात न्या.

गोव्यात मला हे सिरॅमिक डिफ्यूजरपेक्षा (टाकीतच बारीक बुडबुडे सोडणाऱ्या चकतीपेक्षा) सरस वाटतं ते पाण्याच्या तापमानामुळे. शुद्ध सीओटूच्या सान्निध्यात २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे १.४५ ग्रॅम गॅस विरघळतो, ३० अंशांना सुमारे १.२५. डिफ्यूजरचे बुडबुडे आधीच अर्धवट विरघळून पृष्ठभागावर फुटतात, कोमट पाण्यात हा तोटा आणखी वाढतो. रिॲक्टरमध्ये गॅसला निसटायला वाट नाही. त्याच कारणाने डिफ्यूजरला सेकंदाला किती बुडबुडे सोडत होता तो जुना हिशेब इथे लावू नका, अर्ध्यापासून सुरुवात करा.

पाण्यातला सीओटू मोजण्यासाठी ड्रॉप चेकर (रंग बदलून सीओटूचं प्रमाण दाखवणारी, टाकीत लावायची छोटी काचेची कुपी) हवाच, आणि त्यात टाकीचं पाणी नव्हे, ४ डीकेएचचं (डीकेएच म्हणजे कार्बोनेट कठीणपणाचं माप) द्रावण. १.२ ग्रॅम खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे) एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवला की ४० डीकेएच होतं; त्यातले १०० मिली घेऊन ९०० मिली डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. त्यात थेंबभर घातलेला ब्रोमोथायमॉल ब्लू (पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य) हिरवा झाला, म्हणजे पीएच ६.६ च्या आसपास, की सीओटू सुमारे ३० पीपीएम. रंग दीड-दोन तास उशिरा बदलतो, तेवढ्यात घाईने गॅसचा सुई-व्हॉल्व्ह आणखी उघडू नका. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात पीएच झपाट्याने खाली येतो.

पावसात वीज जाते तेव्हा सोलेनॉइड (वीज गेली की गॅस बंद करणारी झडप) नसलेला रेग्युलेटर गॅस सोडतच राहतो. भांडं गॅसने भरतं आणि वीज परतली की तो सगळा एकदम टाकीत जातो. म्हणून सोलेनॉइड आणि फिल्टर एकाच बोर्डावर लावा. फिल्टर इन्व्हर्टरवर आणि सोलेनॉइड मेन्सवर असं चालेल, उलट कधीच नाही. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले तर आधी गॅस बंद करा, एअर पंप लावा आणि मगच कारण शोधत बसा.