यावलजवळच्या एका दवाखान्याची तातडीची सेवा

केळीच्या बागेत गांधीलमाश्या चावून माझ्या मेहुण्यांच्या अंगभर गांधी उठल्या आणि रक्तदाब झपाट्याने घसरला, तेव्हा येथील डॉक्टरांनी केसपेपरसाठी क्षणभरही न थांबता त्यांना आडवे झोपवून, पाय उंचावून, मांडीच्या बाहेरील स्नायूत ०.५ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचे जीवरक्षक इंजेक्शन) दिले आणि ५ मिनिटांनी पुरेसा उतार न दिसल्याने दुसरा डोसही दिला. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइड अ‍ॅड्रेनालिनची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांनी आम्हाला आवर्जून समजावले. खेड्यापाड्यांत नेमकी हीच गल्लत जिवावर बेतते. लक्षणे काही तासांनी पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून त्यांनी मेहुण्यांना रात्रभर देखरेखीखाली ठेवले. दरपत्रक मात्र दर्शनी भागात लावलेले असावे.