डेफ लेपर्डचा 'हिस्टेरिया': एलपी घ्यावी की सीडी?

इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या या रॉक बँडला 1983 च्या 'पायरोमेनिया' या अल्बमने अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बम-यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. वर मायकल जॅक्सन ठाण मांडून होता. पहिला क्रमांक मिळाला तो 1987 च्या 'हिस्टेरिया'ला, तोही 1988 मध्ये. मधल्या काळात, 1984 च्या 31 डिसेंबरला, ड्रमर रिक अॅलनने अपघातात डावा हात गमावला. डाव्या हाताचे ठोके मग त्याने पायाच्या पेडलवर घेतले आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक पॅड वापरले.

निर्माता मट लँगचं काम कानाला लगेच कळतं. गिटार भल्यामोठ्या अॅम्प्लिफायरमधून नाही, तर रॉकमन नावाच्या छोट्या डब्यातून नोंदवली आहे. काही कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) तर एकेक तार वेगळी वाजवून जुळवलेत. म्हणून सूर आरशासारखे स्वच्छ, पण रांगडेपणा हरवलेला. कोरसमध्ये आवाजांचे थर इतके, की गाणारे पाच की पन्नास, सांगता येत नाही. मला हे आवडतं. कच्चा रॉक हवा असेल त्यांनी बँडचा आधीचा अल्बम 'हाय अँड ड्राय' ऐकावा.

आता खरेदीचं. बासष्ट मिनिटांहून जास्त संगीत मूळ एलपीत एकाच तबकडीवर कोंबलंय. एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं ठीक असतात. इथे तीसच्या वर जातात. खाचा जवळजवळ आल्या की आवाजाची पातळी खाली ठेवावी लागते, बास पातळ होतो, सुईची खरखर वर येते. बाजू संपत आली की झांजा फाटतात. तेव्हा सीडी घ्या, किंवा दोन तबकड्यांची आवृत्ती शोधा.