सीआरएनएच्या सीटसाठी ८,३४० डॉलर गेले. अमेरिकेतल्या मराठी नर्सेसनी हे वाचाच

आधी आकडा सांगते, कारण तोच सांगायला माझी जीभ तीन महिने रेटत नव्हती. ८,३४० डॉलर. सीआरएनए, म्हणजे भूल देणारी खास शिकलेली नर्स, व्हायच्या अभ्यासक्रमात सीट मिळवून देते म्हणून एका बाईने ते माझ्याकडून उकळले. नवऱ्यालासुद्धा मी डिसेंबरपर्यंत ४,३५० च सांगितले होते. बाकीचे माझ्या ओव्हरटाइमच्या खात्यातून गेले, म्हणून लपवता आले. एका जादा नाइटचे कर कापून हातात पाचशेच्या आसपास येतात. म्हणजे सगळे मिळून सोळा-सतरा रात्री, त्यातल्या दोन दिवाळीतल्या.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. बीएस्सी नर्सिंग, पुण्यात चार वर्षं आयसीयू, मग एनक्लेक्स ही इथली नर्सिंगची परवाना परीक्षा, ग्रीन कार्ड, आणि अमेरिकेत सहा वर्षं मेडिकल आयसीयूत नाइटला. सीसीआरएन ही आयसीयू नर्सची प्रमाणपत्र परीक्षा पहिल्याच वेळी पास झाले. हे मिरवायला सांगत नाही. ‘एवढी शिकलेली असून फसलीसच कशी?’ हे इतक्या जणांनी विचारलं, की आता हे आधीच सांगून टाकते. विचारणाऱ्यांपैकी एकीनेही हा अर्ज कधी भरलेला नाही.

नोकरी सांभाळून सीआरएनएची तयारी म्हणजे काय, ते केलेल्यालाच ठाऊक. रात्री बारा तास पेशंट, सकाळी फार्मकॉलॉजी, दुपारी झोपेच्या नावाखाली निबंध लिहायचा, सुट्टीच्या दिवशी शॅडोइंग, म्हणजे सीआरएनएच्या मागे राहून तिचं काम पाहणं. आपल्या पोरींचं आणखी एक दुखणं असतं. आपल्याकडचे ६१ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, घरात पेढे वाटतात. इथे त्याच मार्कलिस्टचं मूल्यांकन झालं की जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, पाहून रडू येतं, आणि बहुतेक कॉलेजांना ३.० तरी हवाच असतो. माझी केमिस्ट्री चौदा वर्षांपूर्वीची. गेल्या वसंतात दोन कॉलेजांनी मुलाखतीलाही न बोलावता नकार कळवला होता. जखम ओली होती आणि त्या बाईने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

त्यात कर्जाची भीती. ४ जुलै २०२५ ला नवा कायदा झाला आणि १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी शैक्षणिक कर्ज बंद असं ठरलं. आपल्यासारख्यांची सगळी भिस्त त्यावरच होती, कारण कॉलेजने ठरवलेल्या एकूण खर्चापर्यंत ते मिळायचं, म्हणजे फीबरोबर घरभाडंही भागायचं. नव्या नियमात पदव्युत्तर शिक्षणाला कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर. ‘प्रोफेशनल’ समजल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांना वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख. नर्सिंग त्यात धरायचं की नाही, यावरून केवढं रण माजलं ते तुम्ही पाहिलंच असेल. तीन वर्षं नोकरी बंद, फीच लाखाच्या वर, घरी मूल. मी रात्री दोन वाजता ब्रेकरूममध्ये बसून कागदावर बेरजा करायचे आणि बेरीज कधीच जमायची नाही.

ती मला मराठी नर्सेसच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटली. स्वतः सीआरएनए आहे म्हणाली. सगळ्या तिला ताई म्हणायच्या, मीही म्हणायला लागले. पहिल्याच फोनवर ‘अगं, तू साताऱ्याची? माझं माहेर सांगलीचं!’ ऑगस्टमध्ये १,८५० डॉलर घेतले: निबंध तपासणं, सराव मुलाखती, ‘परदेशी पदवीवाल्यांना घेणाऱ्या’ कॉलेजांची यादी. निबंध तिने खरोखर तपासला होता, हो. चांगला तपासला होता. म्हणून तर विश्वास बसला. सप्टेंबरमध्ये ‘जीपीए पुन्हा काढून घ्यायचे’ ७५० गेले. असं काही नसतं. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला आपण स्वतः पैसे भरतो आणि अहवाल तिथून थेट कॉलेजला जातो. मध्ये कोणी ताई, दादा लागत नाही.

आता त्या मुलाखतीबद्दल. ९ ऑक्टोबर, सकाळी नऊ. हँडओव्हर देऊन घरी आले होते, स्क्रबवरच कोट चढवला. स्क्रीनवर एकच माणूस, ‘प्रोग्राम डायरेक्टर’. त्याने विचारलं, सेप्टिक शॉकचा पेशंट आहे, रक्तदाब वाढवणारं नॉरएपिनेफ्रिन वाढवूनही मॅप, म्हणजे सरासरी रक्तदाब, ५८, पुढे काय? मी म्हणाले, व्हॅसोप्रेसिन, ०.०३ युनिट दर मिनिटाला. रक्तवाहिनी आवळते ती कुठल्या रिसेप्टरमुळे? मी म्हणाले, व्ही-टू. तो म्हणाला, ‘एक्सलंट.’ खाली मान घालून काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न.

व्ही-टू मूत्रपिंडात असतो. रक्तवाहिनीवरचा व्ही-वन. हे मी नव्या पोरींना स्वतः शिकवते. रात्रभर जागून चुकीचं तोंडातून गेलं, आणि कॉल बंद झाल्यावर लक्षात आलं तेव्हा मी डोक्याला हात लावून बसले. पण नंतर मला काय वाटलं, ते लिहिताना आत्ताही अंगाची आग होते. मला हायसं वाटलं. त्याच्या लक्षात आलं नाही, सुटले, असं वाटलं. ज्या माणसाच्या हाताखाली भूल द्यायला शिकायचं, त्याला व्ही-वन आणि व्ही-टूमधला फरक कळत नाही हे ढळढळीत समोर होतं, आणि मी देवाचे आभार मानले. खऱ्या मुलाखतीत बसून आलेल्या मैत्रिणी सांगतात, तिथे तीन-चार जण असतात आणि शब्दाशब्दाला खोदून विचारतात. माझी बावीस मिनिटांत संपली. मी ताईला फोन करून चूक सांगितली, तर ती म्हणे, ‘अगं, ते पर्सनॅलिटी बघतात.’

पाच दिवसांनी पत्र आलं. एका खऱ्या विद्यापीठाचं नाव आणि शिक्का. त्यांचा यात काडीचाही दोष नाही, म्हणून नाव लिहीत नाही. पत्रात लिहिलं होतं: मास्टर्स, २८ महिने. १ जानेवारी २०२२ पासून नर्स ॲनेस्थेशियाला नवा प्रवेश फक्त डॉक्टरेटलाच मिळतो, आणि ती तीन वर्षांची असते. हे मलाही माहीत होतं! विचारलं, तर ‘परदेशी पदवीवाल्यांचा ब्रिज ट्रॅक’ असं उत्तर. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी मान्यता देणाऱ्या सीओए या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे, कोणती पदवी आणि किती महिने यासकट. मान्यता नसलेल्या कॉलेजातून शिकलात तर सर्टिफिकेशनच्या परीक्षेलाच बसता येत नाही. दोन मिनिटांचं काम. त्याच रात्री हेपॅरिनचं ड्रिप सुरू करताना मी नियमाप्रमाणे दुसऱ्या नर्सला बोलावून डोस तपासून घेतला होता. ते पत्र मात्र कोणालाही दाखवलं नाही, कारण ताई म्हणाली होती, ‘जाहीर करू नकोस, नजर लागते.’

४८ तासांत सीट पक्की करायला २,५०० डॉलर. खरी कॉलेजंही सीटसाठी आगाऊ रक्कम घेतात, म्हणून त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि यासाठी मला कोणी मूर्ख म्हणू नये. पण ती रक्कम कॉलेजच्या पोर्टलवर भरायची असते. मी बँकेच्या ॲपमधून एका फोन नंबरवर पाठवली. बटण दाबण्याआधी स्क्रीनवर एका पुरुषाचं नाव आलं. ‘अकाउंट्सचे आहेत ते.’ दाबलं बटण.

मग ६ नोव्हेंबरला ३,२४०. ‘ग्रॅड प्लस बंद व्हायच्या आत लोन लॉक करायची ओरिजिनेशन फी.’ फेडरल कर्ज असं ‘लॉक’ होत नाही. ओरिजिनेशन फी, म्हणजे कर्ज देण्याचं शुल्क, असते हे खरं, पण ती कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतात, खिशातून आधी भरायची नसते. आणि फाफ्सा, म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज, फुकट असतो, त्याच्या नावातच ‘फ्री’ आहे. कर्ज मिळवून देतो म्हणून फोनवर आधी फी मागणं इथे बेकायदा आहे, हे मला नंतर कळलं. पैशांबरोबर मी सोशल सिक्युरिटी नंबर आणि पासपोर्टची प्रतही दिली होती. तुम्ही दिली असेल तर वाचन इथेच थांबवा आणि आधी इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर कोणी कर्ज काढू नये. एक पैसा लागत नाही.

डिसेंबरमध्ये ‘लोन इन्शुरन्स’चे १,९८० मागितले. मी पावती मागितली. तर एवढे महिने ‘अगं’ म्हणणारी बाई म्हणते, ‘तुम्हाला सीट नको असेल तर तसं सांगा.’ त्या ‘तुम्हाला’ने माझे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या खऱ्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी माझं नाव दोनदा शोधलं आणि हळू आवाजात सांगितलं, या नावाने अर्जच आलेला नाही.

बँकेत गेले. ‘पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत.’ दुसऱ्याने खात्यात शिरून काढले तर कायदा संरक्षण देतो, फसवून आपल्याच हाताने पाठवायला लावले तर नाही. अर्ज केला, चार दिवसांत छापील नकार. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणाचं, हे सांगता येत नाही म्हणे, त्या ग्राहकाची गोपनीयता! माझ्या पैशांवर बसलेल्या चोराची गोपनीयता!

पोलिसांत गेले. काचेमागच्या अधिकाऱ्याने विचारलं, ती बाई आपल्या हद्दीत राहते का? ती कुठे राहते हेच शोधायचंय, म्हणून तर आले! तो म्हणाला, हा दिवाणी मामला दिसतो. खोटं पत्र, खोटा शिक्का, खोटी मुलाखत, आणि मामला दिवाणी. दुसऱ्या ठाण्यात पाठवलं, त्यांनी परत पहिल्याकडे. नाइट करून, न झोपता, तीन वेळा गेले. शेवटी एक नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला दोन तास लागले. तक्रार मिळाली, असा आपोआप येणारा ईमेल आला, त्यानंतर शून्य. भावाने भारतात पोलिसांकडे विचारलं, ते म्हणाले पैसे अमेरिकेतून गेलेत, तिकडेच बघा. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि प्रत्येक ठिकाणी मीच पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, प्रत्येक ठिकाणी तोच चेहरा: एवढी शिकलेली बाई. तरीही तक्रार कराच, लेखी करा, नंबर जपून ठेवा. पुढे कोणाला तपास करावासा वाटलाच तर कागद हवा.

सगळ्यात जास्त लागलं ते ग्रुपचं. मी सगळं लिहून टाकलं, तर ॲडमिनने अर्ध्या तासात पोस्ट काढली. ‘ग्रुपचं वातावरण बिघडतं.’ नंतर एकटीएकटीने चौघींनी मला मेसेज केले. एकीचे १,८५० गेलेत, एकीचे ४,६००. दोघींनी घरी सांगितलेलं नाही.

ती अजून सुरूच आहे. नाव बदललंय, फोटो बदललाय, मेसेज तोच: ‘नर्सेसनो, १ जुलैच्या आत.’ दिसला तर उत्तर देऊ नका, हटवूही नका. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून मला पाठवा. माझ्या फायलीत आता अकरा झालेत, आणि सोमवारी मी ती फाईल घेऊन पुन्हा त्या काचेसमोर उभी राहणार आहे.